पाठक हटवा

निहार मगदूमला ओपन सोर्समध्ये पडायची बुद्धी झाली ती निव्वळ जळफळाटातून. रणजीत राठौड त्याच्याच ऑफिसात, जयपूरच्या सी-स्कीममधल्या त्याच काचेच्या इमारतीत, त्याच्याच शेजारच्या खुर्चीत बसून दिवसभर त्याच्यासारखेच लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचा. असा हा रणजीत एके दिवशी कांद्याची कचोरी खाता खाता म्हणाला की जर्मनीतल्या एका कंपनीनं त्याला बोलावलंय. डिग्री विचारली नाही, मार्क विचारले नाहीत. त्याचं ओपन सोर्समधलं काम बघितलं आणि या म्हणाले.

"तू भी कुछ कॉन्ट्रिब्यूट कर, यार," असं म्हणून त्यानं तेलकट हातानं निहारची पाठ थोपटली. निहारनं उरलेली कचोरी कागदात गुंडाळून ठेवली.

आता हे ओपन सोर्स म्हणजे काय, तर जगभरातली रिकामटेकडी आणि हुशार माणसं मिळून एखादं सॉफ्टवेअर लिहितात आणि सगळ्यांना फुकट वापरायला देतात. कुणीही त्यात दुरुस्ती सुचवावी, चालवणाऱ्यांना पटली तर ते घेतात आणि सुचवणाऱ्याचं नाव लावतात. गावजेवणच म्हणा ना. फक्त इथे पंगतीला बसायच्या आधी वाढायला उभं राहावं लागतं.

निहारनं निवडलं ते सॉफ्टवेअर छोट्या वाचनालयांसाठी होतं. नाव रॅकून. त्याच्या चिन्हावर चष्मा लावलेला एक प्राणी होता, जो निहारच्या वडिलांना, म्हणजे अरुणरावांना, शेवटपर्यंत मुंगूसच वाटला. रॅकूनची सगळी सूत्रं नॉर्वेतल्या कुणा ईल्वाच्या हातात होती. निहारनं पहिला बदल पाठवला तो असा: माहितीच्या पानावर 'वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर' असं लिहिलं होतं, तिथे त्यानं 'वाचनालयांसाठी अप्रतिम सॉफ्टवेअर' केलं. ईल्वानं तो परत पाठवला. तिच्याकडे म्हणे असे 'अप्रतिम' दर आठवड्याला येतात, आणि त्यातले बहुतेक भारतातून येतात.

मग निहारनं अर्ज केला. अर्ज कसा करायचा याचं बाळकडू त्याला घरातच मिळालं होतं. अरुणराव विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. जयपूर, चाकसू, पुन्हा जयपूर अशा बदल्यांत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज वाचले होते. तेव्हा 'आदरणीय सर, मी अत्यंत मेहनती असून मला कोणतेही काम नेमून देऊन उपकृत करावे' असं इंग्रजीत लिहून निहारनं पाठवलं. उत्तर आलं: मी सर नाही. इथे कुणी कुणाला काम नेमून देत नाही. मोडलेलं काय दिसतंय ते बघ, दुरुस्त कर आणि पाठव. त्याआधी नियमावली वाच.

नियमावली त्यानं वाचली नाही. ती वाचायची असते हे मगदूमांच्या घरात फक्त अरुणरावांना माहीत होतं. पण शोधता शोधता त्याला भाषांचं पान दिसलं. रॅकून कुठल्या भाषेत किती झालंय, त्याच्या पट्ट्या. नॉर्वेजियन हिरवीगार, तमिळ जवळपास पूर्ण, आणि मराठीच्या नावापुढे नुसतं लाल थोटुक. निहारची छाती फुगली. 'ये तो घर की खेती है!' असं तो मनात म्हणाला. हिंदीत म्हणाला, तिथेच खरं तर त्यानं सावध व्हायला हवं होतं.

कारण निहारची मराठी होती ऐकीव. त्याचा जन्म जयपूरचा, शाळा हिंदी-इंग्रजीची. आई-वडील मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले, गडहिंग्लजकडचे. एकमेकांशी ते गडहिंग्लजचंच बोलत आणि मुलाशी हिंदीत. त्यामुळे शेजारच्या घरातल्या टीव्हीवरची मालिका भिंतीपलीकडून कळावी तितपत त्याला मराठी कळे. जवाहर नगरातल्या मराठी मंडळात लहानपणी त्यानं तोंड उघडलं की बायका लोटपोट व्हायच्या. "अगं, 'माझी आवाज' म्हणतो गं! किती गोड!" गोड म्हणवून घ्यायला सहा-सात वर्षांपर्यंत बरं वाटतं. दाढी आल्यावरही लोक 'परत म्हण ना ते' म्हणायला लागले, तेव्हा त्यानं मंडळात बोलणंच बंद केलं. कार्यक्रम असला की तो खुर्च्या मांडायचा. खुर्च्यांना व्याकरण नसतं.

म्हणून तर ही लाल पट्टी त्याला देवानं पाठवल्यासारखी वाटली. जर्मनी वगैरे ठीकच. पण मराठीतल्या कशावर तरी आपलं नाव लागलं, तर त्या मंडळात मान वर करून एक वाक्य बोलता येईल, एवढंच त्याला मनातून हवं होतं. कुणी न हसता ऐकेल असं एक वाक्य.

त्याची पद्धत सोपी होती. इंग्रजी वाक्य वाचायचं, मनात हिंदी करायचं, 'है'चं 'आहे' करायचं, आणि पुढे चालायचं. शनिवार-रविवारात पट्टी हिरवी झाली. ईल्वाला मराठी वाचता येत नव्हती, बघणारं दुसरं कुणी नव्हतं, तिनं काही दिवस वाट पाहिली आणि सगळं स्वीकारलं. 'धन्यवाद, निहार. आता तूच आमचा मराठी माणूस,' असं तिनं लिहिलं. ते वाक्य त्यानं अरुणरावांना दाखवलं आणि घात केला.

अरुणरावांकडे मंडळाचं वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे सभागृहाच्या कोपऱ्यातली लोखंडी कपाटं, एक जुना संगणक आणि वाळवीशी चाललेली वाटाघाट. त्यांनी रॅकून त्या संगणकावर चढवून घेतलं, मुलाच्या पराक्रमाची बातमी जवाहर नगरभर पोचवली, आणि ठरवलं की वार्षिक सभेतच पडद्यावर सगळ्यांना दाखवायचं. त्याच सभेत मंडळाची निवडणूकही होती. अध्यक्षपदी विभा पाठक होत्या. मूळच्या ठाण्याच्या, खणखणीत आवाजाच्या. त्या इतकी वर्षं अध्यक्ष होत्या की मंडळाची घटना आधी झाली की विभाकाकू, यावर मतभेद होते. त्यांच्याविरुद्ध दर वर्षी श्रीपाद गोखले उभे राहत आणि दर वर्षी पडत.

सभागृह भरलं. अरुणरावांनी घसा खाकरून "आमच्या चिरंजिवांनी जागतिक पातळीवर" अशी सुरुवात केली आणि पडदा उजळला. पहिलं बटण निळं होतं. त्यावर लिहिलं होतं: 'नवीन पाठक जोडा'.

लोक जरा चुळबुळले. विभाकाकूंनी चष्मा सावरला. अरुणरावांनी पान खाली सरकवलं. तिथे लाल बटण होतं, ठसठशीत: 'पाठक हटवा'.

 मग मागच्या रांगेतून श्रीपादरावांनी टाळ्या वाजवल्या.

"अरुणराव," विभाकाकू म्हणाल्या, "हा प्रचार नियमात बसतो का?"

अरुणराव गडबडले. भलतीकडे क्लिक झालं आणि पुस्तकांचे विभाग उघडले. पडद्याच्या माथ्यावर ओळ आली: 'मुख्य पान › संसार › शिक्षा'. "अगदी खरं आहे," असं कुणीतरी विवाहित पुरुष म्हणाला आणि बायकोनं त्याला कोपर मारलं. पहिल्या रांगेत ज्ञानदा नावाची एक मुलगी बसली होती, कऱ्हाडची, नुकतीच सी-स्कीममधल्या एका बँकेत रुजू झालेली. तिच्या नाकातून चहा बाहेर आला. आणि नेमकं तेव्हाच इंटरनेट गेलं. ते जयपुरात कधी जावं याचा मुहूर्त काढलेला असतो. पडद्याच्या मधोमध चौकट उगवली: 'काहीतरी बिघडले. पुन्हा चेष्टा करा.'

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणता येणार नाही. माणसं खुर्च्यांवरून घरंगळली. श्रीपादराव तर रडत होते. निहार पडद्याशेजारी उभा राहून वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होता आणि त्याला त्यात काही म्हणजे काही चुकीचं दिसत नव्हतं. शेवटी ज्ञानदानंच डोळे पुसत पुसत त्याला समजावलं. हिंदीतला पाठक म्हणजे मराठीत वाचक. मराठीत पाठक म्हणजे या समोर बसल्यात त्या. संसार म्हणजे जग नाही, नवरा-बायको, कुकर आणि कटकटी. शिक्षा म्हणजे शिक्षण नव्हे, छडी. "आणि चेष्टा म्हणजे थट्टा. टिंगल. तू सगळ्यांना सांगतोयस, माझी टिंगल करा, एकदा झाली असेल तर परत करा."

"मतलब... मी तर कोशिश म्हणत होतो," निहार म्हणाला, आणि सभागृह पुन्हा कोसळलं.

त्यानं वडिलांकडे पाहिलं. अरुणराव हसत होते. सगळ्यांच्या अर्धा क्षण मागून, सगळ्यांपेक्षा जरा जास्त. ते हसणं निहारला कुणाच्याही हसण्यापेक्षा लागलं. त्यानं त्या दिवशी खुर्च्यासुद्धा आवरल्या नाहीत.

घरी येऊन त्यानं ईल्वाला लिहिलं की माझं सगळं काम पुसून टाक आणि नावही काढ. तिनं उत्तर दिलं की इथे काही पुसलं जात नाही. नवं करून जुनं मागे टाकता येतं, पण इतिहास राहतो. म्हणजे झालं! सटवीनं कपाळावर लिहिलेलं एक वेळ टळेल, पण रॅकूनला पाठवलेलं टळायचं नाही. शिवाय तोवर कोकणातल्या कुठल्याशा वाचनालयानं तक्रारींच्या पानावर लिहिलं होतं, की 'पाठक हटवा' बघायला आमच्याकडे पाठक आडनावाची तीन घरं येऊन गेली, त्यातली दोन सभासद झाली, तरी दुरुस्तीची घाई नको.

ईल्वाला मात्र घाई होती. नवी आवृत्ती निघायची होती. तिनं स्पष्ट लिहिलं: एक तर मी मराठी या आवृत्तीतून काढून टाकते. नाहीतर तू दुरुस्त कर आणि मराठी वाचणारं दुसरं कुणीतरी आण, जे तपासून मंजुरी देईल. यापुढे कुठलीही भाषा एकट्याच्या भरवशावर घेणार नाही, हा नियम तुझ्यामुळे आला, त्याबद्दल आभार. आता मला सांग, नेमक्या कुठल्या ओळी चुकल्यात? मला वाचता येत नाही. तुला येतं.

या शेवटच्या वाक्यापाशी निहार अडखळला. त्याच्या उभ्या आयुष्यात कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं, की मराठी तुला येते. नाही म्हणावं तर मराठी जाणार, आणि जाणार ती त्याच्या नावानं. मंडळात मग तो मरेपर्यंत 'पाठक हटवा'. हो म्हणावं तर ज्यांच्यापुढे नाक कापलं गेलं त्यांच्याच दारात शब्द मागायला जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ज्ञानदाच्या बँकेबाहेर जाऊन उभा राहिला.

"ज्ञानदाजी, तुम्ही मतलब—"

"आधी ते 'जी' हटव," ती म्हणाली. "पाठक राहू देत."

ती तपासनीस व्हायला तयार झाली, पण एका अटीवर. तिला न पटलेली एकही ओळ ती दयेपोटी मंजूर करणार नाही. आणि दुसरं असं, की आता तरी त्यानं ती नियमावली वाचावी, कारण तिनं ती कालच वाचली होती. निहारनं वाचली. त्यात भाषांसाठी एक कलम होतं: शब्द दिसतो कसा हे बघू नका, वाचणाऱ्याला कळतो का ते बघा.

मग पुन्हा सुरुवात झाली. या वेळी हिंदीचा पूल वापरायचा नाही असं त्यानं ठरवलं. तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायचा आणि आईला विचारायचा. त्याची आई, साधनाताई, मंडळात फारसं बोलत नसत. घरात मात्र कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज काढत.

"आई, एखादा माणूस पुस्तक घेऊन गेला आणि वेळेवर परत नाही दिलं, तर काय म्हणशील?"

"काय म्हणणार? 'मुदत टळली की, आणा आता' म्हणीन."

"आणि टोपलीतला कचरा सगळा टाकायचा असेल तर? मी 'खाली करा' लिहिलं होतं."

"खाली कुठं करतोस? टेबलावर होती व्हय टोपली? रिकामी कर म्हणावं."

काही त्यानं जसंच्या तसं घेतलं, काही जरा इस्त्री करून. अरुणरावांनीही तपासून द्यायला घेतलं, आणि तिथे निहारला पहिल्यांदा कळलं की निवृत्त अधिकारी हा जन्मजात तपासनीस असतो. एकेका ओळीखाली शेरे पडू लागले. 'तत्त्वतः मान्य. तथापि चर्चा करावी.' 'मागील शब्दाशी सुसंगत नाही. पुनश्च सादर करावे.' ईल्वानं ते यंत्राकडून भाषांतर करून वाचले आणि विचारलं की हे गृहस्थ इतर भाषांसाठी मोकळे आहेत का. पण मंजुरीचं बटण दाबायला अरुणराव काही केल्या तयार होईनात.

"सख्ख्या मुलाचं काम मी मंजूर करू? उद्या कुणी विचारलं म्हणजे?"

"बाबा, कोण विचारणार? नॉर्वेवाले?"

"कुणीही," अरुणराव म्हणाले, आणि फाईल, म्हणजे लॅपटॉप, मिटली.

शेवटच्या रविवारी सगळं मंडळात आणायचं ठरलं. विभाकाकू पुन्हा निवडून आल्या होत्या आणि पडद्यावरून आपल्याला नीट काढलंय ना याची खात्री त्यांना जातीनं करायची होती. रात्रीपर्यंत मंजुरी गेली नाही तर मराठी बाद, हे ज्ञानदानं सुरुवातीलाच सांगून टाकलं. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, निहार पडद्याजवळ मंडळाच्या संगणकापाशी, आणि ओळी एकेक करून पुढे सरकू लागल्या. वाचक आला, विभाकाकूंनी मान डोलावली. जग आलं, शिक्षण आलं. 'केर' की 'कचरा' यावर नागपूरकर आणि सोलापूरकर इतके भांडले की दोघांनी एकमेकांना चहा देणं बंद केलं. शेवटी कचरा जिंकला, तो नेहमीच जिंकतो. निहार चुका मान्य करत होता, बदलत होता, पुढे जात होता. लोक अधूनमधून हसत होते. त्याला ते आवडत नव्हतंच, पण आता हसण्यामागून शब्द मिळत होता, आणि शब्दाची त्याला गरज होती.

मग ती ओळ आली. शोधलेलं पुस्तक नसेल तेव्हा दिसणारी. 'एकही पुस्तक घावलं नाही.'

"घावलं?" विभाकाकू म्हणाल्या. "घावलं हे काय? सापडलं नाही म्हण. घावलं बाजारात ठीक आहे रे, वाचनालयात नको."

दोघं-तिघं हसले. ज्ञानदानं ओठ मुडपले. "तसं मराठीच आहे," ती म्हणाली, "पण जरा... घरगुती आहे. निहार, बदल ना. एक शब्द तर आहे."

खरंच एक शब्द होता. आत्तापर्यंत त्यानं पन्नास बदलले होते. बोटं कळफलकावर गेलीसुद्धा. आणि तिथेच थांबली.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, काकू सांगताहेत तर—" ज्ञानदा म्हणाली.

"काकूंनी वाचक सांगितलं, मी लिहिलं. शिक्षण तुम्ही सांगितलं, लिहिलं. ते सगळं माझा चूक होता."

"माझी चूक होती," कुणीतरी सवयीनं सुधारलं.

"माझी चूक होती! ठीक आहे? पण हा चूक नाही. ही चूक नाही!" त्याचा आवाज चढला होता आणि लिंगं सैरावैरा पळत होती, पण तो थांबला नाही. "आमच्या घरी पुस्तक घावते. चाबी घावते. आई म्हणते. बाबा पण म्हणतात. बाकीचे सगळे शब्द मला तुम्ही शिकवले. हा एक मला कोणी नाही शिकवला. हा मला येत होता."

सगळ्यांच्या माना अरुणरावांकडे वळल्या. आपण काय करून बसलो ते निहारच्या तेव्हा लक्षात आलं. वडिलांना मंडळात त्यानं 'घावलं' म्हणताना कधीच ऐकलं नव्हतं. इथे ते 'सापडलं' म्हणत. घरच्या उंबऱ्याबाहेर त्यांची मराठी कपडे बदलून यायची.

"अरुणराव, तुम्ही म्हणता असं?" विभाकाकूंनी विचारलं. "मी नाही हो ऐकलं कधी."

अरुणरावांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग एखादा जुना कागद वाचून दाखवावा तसं सपाट आवाजात म्हणाले, "म्हणत होतो. नवीन आलो होतो जयपूरला. याच खोलीत गोखल्यांच्या स्कूटरची किल्ली हरवली होती. मी विचारलं, घावली का? सगळे हसले. पुढं दोन-तीन वर्षं मला 'घावले साहेब' म्हणत होते सगळे. नाव तुम्हीच ठेवलं होतं, वहिनी."

 श्रीपादराव खिशातल्या किल्ल्या चाचपू लागले.

"मग शिकलो मी सापडलं म्हणायला. त्यात काय अवघड नाही. आणि हे पोरगं बोलायला लागलं तेव्हा म्हटलं, आपली मराठी कशाला याच्या गळ्यात? हिंदी बोलू. हिंदीत आपल्याला कोण हसत नाही."

"मला शाळेसाठी म्हणाला होतात," चहाच्या पातेल्याजवळून साधनाताई म्हणाल्या.

"ते बी खरं होतं," अरुणराव म्हणाले.

निहारला एकाच वेळी प्रचंड राग आला आणि रडू आलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की मराठी शिकायची अक्कलच आपल्याला नाही. आणि ती घरात होती. वडिलांनी ती लपवून ठेवली होती, कुणी हसू नये म्हणून. त्याला वडिलांवर ओरडायचं होतं आणि विभाकाकूंवर त्याहून मोठ्यानं. त्यातलं काहीच त्यानं केलं नाही. उठून वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला.

"मी ठेवलं होतं नाव?" विभाकाकू म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता. "मला आठवत नाही हो, अरुणराव. पण ठेवलं असणार. तेव्हा मी सगळ्यांनाच नावं ठेवायचे."

"तेव्हा?" श्रीपादराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा, पडलेले उमेदवार."

हसू फुटलं, आणि त्यात निहारला जागा मिळाली. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "नियमात लिहिलं आहे, शब्द कळतो की नाही ते बघा. 'घावलं' कुणाला नाही कळलं? हात वर करा."

एकही हात वर आला नाही. सगळ्यांनी विभाकाकूंकडे पाहिलं. "कळलं हो," त्या म्हणाल्या. "न कळायला काय झालं? कळलं म्हणून तर बोलले."

ज्ञानदा पडद्याकडे बघत राहिली होती. "आमच्याकडे कऱ्हाडलाही घावतंच," ती हळूच म्हणाली. "पुण्याला कॉलेजात गेले आणि पहिल्याच आठवड्यात सोडलं मी." मग तिनं त्या ओळीखाली इंग्रजीत ईल्वासाठी लिहिलं की या शब्दावर सभेत चर्चा झाली, सर्वांना तो समजतो, तो बदलू नये. आणि बटण दाबलं.

ईल्वानं सगळं नव्या आवृत्तीत घेतलं तोवर लोक खिचडीला बसले होते. तिनं एवढंच विचारलं, की ती चर्चा कशी झाली, आणि पुढच्या वेळी ऐकायला आवडेल असं लिहिलं. निहारनं लिहिलं की ऐकू येईल, खिडकी उघडी ठेव.

नवी आवृत्ती मंडळाच्या संगणकावर चढली त्या दिवशी अरुणराव त्याच्यासमोर बसले ते उठायचं नाव घेईनात. मागे पुस्तकं परत करायला आलेली माणसं ताटकळत उभी होती. विभाकाकूंनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण बोलल्या नाहीत. मंडळात कुठली पुस्तकं नाहीत हे अरुणरावांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तीच ते एकामागून एक शोधत होते, आणि दर वेळी पडद्यावर जे उमटत होतं ते अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं मोठ्यांदा वाचत होते.